थेम्सकाठची निळी-पांढरी खापरे दागिन्यांसाठी घासावीत का?

नीलांबरी: लंडनमध्ये ओहोटीला थेम्सचा जो काठ उघडा पडतो, तिथे सापडणाऱ्या जुन्या निळ्या-पांढऱ्या खापरांना चांदीचे कोंदण करून पदके बनवणे अनेकांना खटकते. मला त्यात गैर वाटत नाही. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरची नक्षी पातळ कागदावर घेऊन भांड्यावर उतरवण्याची रीत इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरमध्ये जोसाया स्पोड या कुंभाराने १७८४ च्या सुमारास यशस्वी केली आणि पुढे ‘विलो’सारखी एकच नक्षी असंख्य बशांवर छापली गेली. तिचा आणखी एक तुकडा इतिहासाला नवे काय सांगणार? शोधासाठी पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो, तीनशे वर्षांहून जुनी वस्तू कळवावीही लागते. एवढे पाळल्यावर तो तुकडा चिखलात झिजण्यापेक्षा कोणाच्या गळ्यात राहिलेला बरा.

खापरशोध्या: ती तीनशे वर्षे ठरवणार कोण? लंडनच्याच सदर्क आणि लॅम्बेथ भागांत सतराव्या शतकात कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर निळे रंगकाम केलेली भांडी बनत. त्यांचे खापर नवख्याला छापील बशीचेच वाटू शकते. फरक कळतो तो तुटलेल्या कडेवर, जिथे झिलईचे टवके उडून खालची पिवळसर, मऊ माती दिसते. दागिना घडवताना सर्वांत आधी घासली जाते ती हीच कड. शिवाय बशीच्या बुडावर कारखान्याचा ठसा असला, तरी नक्षी नसल्यामुळे तो भाग टाकून दिला जातो, म्हणजे ओळख सांगणारे तेवढे नेमके जाते आणि शोभा उरते. हे मला फार वाईट वाटते.

नीलांबरी: कडेचा मुद्दा मान्य आहे. पण त्यावरचा उपाय घासण्यापूर्वी जाणकाराला दाखवणे हा आहे, सरसकट नकार हा नव्हे. छापील नक्षीच्या तुकड्याबाबत माझे मत कायम आहे.

अष्टागर: लंडनचे माप इकडे लावू नये, म्हणून लिहितो. चौल-रेवदंडा परिसरात चिनी बनावटीची निळी-पांढरी खापरे मिळतात आणि ती या बंदराच्या सागरी व्यापाराचा पुरावा आहेत. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. तिथले खापर उचलून पदक करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. हौस असेल तर घरातली फुटलेली बशी वापरावी.