टिरेटा बाजारची सकाळ : तुमच्याही आठवणी लिहा

अबोली :
काल पहिला घाणा उतरवताना मोदकपात्राचं झाकण काढलं, वाफ थेट चष्म्यावर आली आणि एकदम कोलकाता आठवलं. यांची तिकडे बदली होती, १९९७ ते २०००. रविवारी उजाडायच्या आत टॅक्सी करून टिरेटा बाजार गाठायचा. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून जवळच. रस्त्याकडेला अ‍ॅल्युमिनियमचे थरांचे डबे वाफाळत असायचे, मागे चिनी आज्या. माशाच्या गोळ्यांचं सूप, सुई माय (छोटे उकडलेले डम्पलिंग), पोर्क भरलेले पांढरेशुभ्र बाओ, म्हणजे वाफवलेले पाव. आठ-साडेआठपर्यंत सगळं आवरलेलं असायचं. एक आजी माझ्या लेकीला 'खुकी' (बंगालीत छोटी मुलगी) म्हणायच्या, तिच्या वाडग्यात दोन गोळे जास्त टाकायच्या आणि त्याचे पैसे घ्यायच्या नाहीत. लेक चार वर्षांची, घरी जेवताना रडारड, तिथे मात्र वाडगं चाटूनपुसून साफ.

मग देवळात. तिकडे चिनी देवळाला चर्च म्हणतात. सी इप चर्च १९०५ चं, तिथे करुणेची देवी क्वान यिन. तुंग ऑन चर्चमध्ये युद्धदेव क्वान ती, आणि खालच्या मजल्यावर एकेकाळी नानकिंग हे नावाजलेलं हॉटेल होतं. बाजाराला नाव एदुआर्दो तिरेत्ता या व्हेनिसच्या माणसाचं, पण वस्ती चिन्यांची : कँटनी सुतारांची, हाक्का समाजातल्या बूटवाल्यांची, हुपेई प्रांताकडच्या दंतवैद्यांची. त्या आजींचं नाव मी कधी विचारलं नाही. ते फार लागतं मनाला. कुणी गेलंय का तिथे?

माझगावकर :
सी इप!! अहो आमच्या माझगावातलं चिनी देऊळ सी यिप कून, १९१९ चं. नाव एकच. सी म्हणजे चार, ग्वांगडोंगमधले चार तालुके. तिथून बोटीने निघालेले लोक कोलकात्यात उतरले तसे मुंबईतही. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. लहानपणी रोज शाळेत जाताना लाल दार दिसायचं, आत जायला चाळिशी उजाडली.

शेवगा :
हळदीचं पान कुठे मिळालं यंदा? आमच्याकडे मंडईत दोनदा जाऊन आले, नाहीच.

अबोली :
@शेवगा शेजारणीच्या कुंडीतलं आहे ग. नसेल तर केळीचं लाव. त्या आज्या कोबीचं पान लावायच्या, बाओ अजिबात चिकटत नसे.

चामडेवाला :
कोलकात्याच्या टँगरा भागात कामानिमित्त बरीच वर्षं जात होतो. हाक्का लोकांच्या टॅनरी, म्हणजे चामडं कमावायचे कारखाने, सगळ्या तिथे होत्या. १९९६ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, टॅनरी शहराबाहेर बानतल्याला हलवायच्या ठरल्या, मग कित्येकांनी कारखान्याच्या जागेत हॉटेलं काढली. तिथे चिनी लोकांचं कालीमंदिर आहे, नैवेद्याला नूडल्स असतात. पहिल्यांदा हातावर प्रसाद ठेवला तेव्हा आधी कपाळाला लावला मग खाल्ला, सवयीने.

पुरणपोळी :
@चामडेवाला वाचून डोळ्यांत पाणी आलं, कळत नाही का. बाकी मंचुरियन आपल्या मुंबईतलं, नेल्सन वांग, क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, १९७५. ते मूळ कोलकात्याचे.

निळीशाई :
खाण्याचं चाललंय त्यात लिहू की नको असं झालं होतं. होस्टेलला माझी रूममेट कोलकात्याची चिनी. १९६२ च्या युद्धात तिच्या आजोबांना घरच्यांसकट उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, तिची आई तेव्हा सहा वर्षांची. असे सुमारे तीन हजार लोक होते, कित्येकांचा जन्म इथलाच. परत आले तर दुकानात दुसरंच कोणीतरी. तिची आई कपाटात कायम एक पिशवी भरून ठेवायची, कपडे आणि कागदपत्रं. मी सुट्टीत गेले होते तेव्हा पाहिलीय ती पिशवी.

शेवगा :
बाई ग. सहा वर्षांची.

माझगावकर :
आपल्याला शाळेत हे कुणी शिकवलंच नाही. शिकवायला हवं होतं.

बर्फातला_कोकणी :
टोरांटोहून. इथे 'हाक्का चायनीज' पाट्या जागोजागी दिसतात, बरेचसे मालक कोलकात्याहून आलेले. आमच्या जवळच्या हॉटेलातल्या काकी माझ्याशी हिंदीत बोलतात, स्वयंपाकघरात हाक्कात ओरडतात, हिशोब बांगलात पुटपुटतात. त्यांना कोलकात्याजवळच्या अछिपूर गावाबद्दल विचारलं तर चेहरा उजळला. टोंग आच्यू, पहिला चिनी वसाहतकार, वॉरन हेस्टिंग्जने दिलेल्या जमिनीवर साखर कारखाना काढला होता त्याने. तिथे हुगळीकाठी त्याची लाल रंगाची, घोड्याच्या नालेसारखी समाधी आहे. चिनी नववर्षाला कोलकात्याची मंडळी तिथे जातात. काकी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या. पुढच्या बाजूला ट्रे पडला म्हणून गप्पा अर्धवट राहिल्या. घाईत लिहितोय, पोराला घ्यायला जायचंय.

पुरणपोळी :
अबोलीताई, डिसेंबरात कोलकात्याला चाललोय. अजून भरतो का बाजार?

अबोली :
२०२२ ला गेले होते. आज्या कमी, डबेही कमी, पण भरतो. ज्या कोपऱ्यावर आमच्या आजी बसायच्या तिथे बराच वेळ उभी राहिले. एका मुलीला त्यांचं वर्णन करून विचारलं, तिला ओळख पटेना. तू रविवारीच जा, सहाच्या आत, सुट्टे पैसे ने. टॅक्सीवाल्याला पोद्दार कोर्ट सांग. आणि सूप देणाऱ्या बाईंचं नाव विचार हो.