रेव्हरंड टिळकांना यादीतून काढा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

हर्णैकर:
परवा एकाने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या थोर कवींची यादी टाकली, त्यात ना. वा. टिळकांचं नाव बघून लगेच दुसऱ्याची पोस्ट आली की या बाटग्याला काढा, मिशनच्या पगारासाठी धर्म विकणारा कोकणचा कवी कसा. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितोय.

माणूस करजगावचा, जन्म १८६१. जखमी पक्षिणीची ती कविता आपण सगळ्यांनी शाळेत घोकली, माझी आई अजून म्हणताना रडते. १८९३ ला नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या पाद्र्याने बायबल हातात दिलं आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांनी ते वाचलं, झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही भारतीय पाळकाच्याच हातून. काळ कसला होता बघा, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून १८९० साली गहजब झाला आणि लोकमान्यांना, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहाला एवढं, तर उघड बाप्तिस्म्याला काय झालं असेल? माणूस एकटा पडला. आणि पगाराचंच म्हणाल तर १९१७ मध्ये तो त्यांनी आपणहून सोडला. मिशन सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे ख्रिस्तभक्त एकत्र. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा माणूस, ख्रिस्ताची कीर्तनं करणारा. हा आपला नाही तर कोण आपला?

खाडीकाठ:
ती पोस्ट माझी, आणि मी मागे घेत नाही. १८९५ ते १९१७ म्हणजे बावीस वर्षं. बावीस वर्षं मिशनचं खाऊन शेवटची दोन वर्षं सोडलं, १९१९ ला तर गेलेच. याला त्याग म्हणायचं?

आणि मला पुस्तकातलं सांगू नका. माझ्या पणजोबांचा सख्खा भाऊ प्लेगच्या साली मुंबईत गिरणीत होता. आजारी पडला, तिथे कोणत्या तरी मिशनवाल्यांनी सांभाळला आणि बरा झाला तो ख्रिस्ती होऊनच. परत गावाला पाऊल नाही. पणजीने मरेपर्यंत श्रावणात त्या दिराच्या नावाचं पान वाढलं. माणूस अडचणीत असताना त्याचा धर्म काढून घ्यायचा, याचा मला राग आहे आणि राहणार.

हर्णैकर:
पाऊल नाही की टाकू दिलं नाही?

खाडीकाठ:
जिवंतपणी श्राद्ध घातलं होतं त्याचं. मग तो येणार कसा. तुम्हाला हेच ऐकायचं होतं ना? घ्या. पण माझ्या घरच्यांवर बोलायचं काम नाही हां.

कोर्लईची पोर:
मध्येच बोलते. अशा प्रत्येक चर्चेत ‘विहिरीत पाव टाकून बाटवले’ हे येणारच, अजून आलं नाही पण येईल, म्हणून आधीच सांगते. आम्ही कॅथलिक, पोर्तुगीजांच्या वेळेपासूनचे, घरात अजून पोर्तुगीजमिश्रित नोलिंग बोलतो. टिळक अमेरिकन मिशनचे प्रोटेस्टंट. दोन्हीत शेकडो वर्षांचं अंतर आहे, सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नका. शाळेत मला ‘पाववाली’ म्हणायचे, त्या पोरांना पाव कोणी टाकला तेही माहीत नव्हतं.

आगरातली:
सगळे टिळक टिळक करताय, लक्ष्मीबाईचं कोणी बोलणार आहे का? बाईला न सांगता नवरा धर्म बदलून मोकळा. पदरात लहान दत्तू. तिने चार-पाच वर्षं नातेवाइकांकडे काढली, कधी पंढरपूर कधी नाशिक, लोकांची बोलणी खात. मी तिचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रं, दोनदा वाचलंय, लोक त्यातलं विनोदी तेवढं सांगतात, मला मात्र ती पानं वाचवत नाहीत. माझ्या सासूबाईंना सासरे असेच न सांगता सोडून गेले होते, धर्मासाठी नाही, आखातात नोकरीला, पण दारात बसून वाट बघणं तेच. बायको म्हणजे सामान आहे का, मागाहून मागवून घ्यायला?

हर्णैकर:
ताई, पण नंतर ती स्वतःच गेली ना, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाली, कोणी जबरदस्ती नाही केली.

आगरातली:
गेली तेव्हासुद्धा स्वतःचं सोवळं, स्वतःचं पाणी वेगळं ठेवून राहिली. जात माणसाने केलीय हे तिला जेव्हा पटलं तेव्हाच सोडलं. म्हणजे मोठेपणा तिचा. तुम्ही तो पण टिळकांच्या खात्यात मांडताय.

हर्णैकर:
बरं, हे मान्य. न सांगता केलं ते चूकच, त्याला मी काही म्हणू शकत नाही. पण तिला लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं हेही लिहा की.

आगरातली:
लिहिते. शिकवलं. आणि त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन, ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य, त्यांच्या मागे तिने पुरं केलं, शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईने. फिटलं.

वेंगुर्ल्याचो:
खाडीकाठ, तुमचा राग समजतो पण माझी गोष्ट ऐका. माझी आई जन्मली तेव्हा आजी अडली होती, बैलगाडीतून वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलात नेली, सेंट ल्यूक, अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचं. दोघी वाचल्या. कोणी बाप्तिस्मा मागितला नाही. घरी आल्यावर शेजारणी विचारायला लागल्या कोणाच्या हातचं पाणी प्यायलीस, तर आजी म्हणाली, “जात काय बघतंस, पोर वाचलां मां!” आम्ही अजून हिंदूच आहोत, देवळात पालखीला खांदा देतो.

खाडीकाठ:
तुमच्या आजीचं नशीब चांगलं. आमचं नव्हतं.
ठीक आहे, कविता चांगल्या आहेत हे मी कधी नाकारलं नव्हतं, पक्षिणीची मलाही पाठ आहे. यादीत राहू दे नाव. पण ‘थोर’ काढा, आणि लक्ष्मीबाईंचं पण घाला, जन्म नाशिककडचा असला तरी कोकणची सून म्हणून.

हर्णैकर:
यादी करणाऱ्याला दोन्ही कळवतो. आणि मघाशी तुमच्या घरच्यांवर बोललो ते चुकलं, माफ करा. एक विचारू का, चर्चमध्ये बाप्तिस्म्याची रजिस्टरं ठेवतात. मी पुढच्या महिन्यात मुंबईला जातोय. तुमच्या पणजोबांच्या भावाचं नाव सांगा, दोनचार ठिकाणी बघून येतो.

खाडीकाठ:
नाव मला माहीत नाही. घरात कोणी घेतच नव्हतं. मोठी आत्या आहे चिपळूणला, नव्वदीची, तिला उद्या फोन करतो.