'टू'च्या पुढे क्रियापदाचे कोणते रूप वापरावे? तातडीने मदत हवी आहे

अडलेला_पुन्हा
नमस्कार. मला उद्या सकाळी एक इंग्रजी निवेदन पाठवायचे आहे आणि त्यातल्या चार वाक्यांवर लेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने लाल रेघ ओढली आहे. 'टू' आले की पुढे क्रियापदाचे मूळ रूप, हा नियम शाळेपासून पाठ आहे आणि मी तो तंतोतंत पाळला आहे. तरीही दोन ठिकाणी ते 'आयएनजी' लावायला सांगते, तिसऱ्या ठिकाणी 'टू'च काढायला सांगते आणि चौथ्या ठिकाणी शब्दयोगी अव्यय अनावश्यक ठरवते. कारण मात्र कुठेच देत नाही. सगळीकडे चालेल असा एकच नियम कृपया सांगावा. पुस्तकांची यादी नको, वेळ नाही.

काटेकोर
वाक्ये कुठे आहेत? औषध मागताना दुखणे तरी सांगावे लागते. इंग्रजीत 'टू'नंतर काय यायचे हे 'टू' ठरवत नाही, त्याच्या आधीचे क्रियापद ठरवते. त्यामुळे ती क्रियापदे कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितले तरी तो अंदाजच असेल.

एकच_युक्ती
अंदाज कशाला? 'टू'च्या पुढचे क्रियापद झाकावे आणि तिथे 'इट' ठेवून वाक्य वाचावे. 'लुक फॉरवर्ड टू इट' हे वाक्य उभे राहते, म्हणजे तिथला 'टू' शब्दयोगी अव्यय आहे, त्याला पुढे नाम हवे आणि क्रियापदाचे नाम करायचे तर 'आयएनजी' लावावा लागतो. 'वॉन्ट टू इट' हे वाक्य कोसळते, म्हणजे तिथला 'टू' क्रियापदाचाच भाग आहे. मी वीस वर्षे याच युक्तीवर काम चालवले आहे.

काटेकोर
मग 'अग्री'चे काय करता? 'वी अग्रीड टू इट' हे निर्दोष वाक्य आहे, पण पुढे क्रियापद आले की 'वी अग्रीड टू पे' असेच लिहावे लागते, 'टू पेइंग' नव्हे.

एकच_युक्ती
एका अपवादाने युक्ती बाद होत नाही. 'ऑब्जेक्ट टू', 'इन ॲडिशन टू', 'बी यूज्ड टू' अशा कितीतरी जागी ती बरोबर चालते.

जुना_व्याकरणी
या दोन 'टूं'चे मूळ एकच आहे, हे येथे सांगितले पाहिजे. प्राचीन इंग्रजीत क्रियापदाच्या मूळ रूपालाही नामासारखी विभक्ती लागत असे आणि 'टू' हे त्याआधी येणारे साधे शब्दयोगी अव्यय होते. पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजून गेले आणि 'टू' मूळ रूपाला चिकटून राहिला. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये, कारण 'घराला' मधला 'ला' आपण 'भेटायला' मध्येही वापरतो. जाता जाता सांगतो, वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये हा इंग्रजीतला दंडकही तितकाच उपरा आहे. १६७२ मध्ये इंग्रज कवी ड्रायडन यांनी आधीच्या पिढीतले नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनातला हा दोष म्हणून दाखवला, पण बोलणाऱ्यांनी आणि चांगल्या लेखकांनी तशी रचना कधीच सोडली नाही.

अडलेला_पुन्हा
शेवटी काय यावे हे मी विचारलेले नाही. वाक्ये हवीच असतील तर तो परिच्छेदच देतो: 'वी आर यूज्ड टू वर्क लेट. बट दे मेड अस टू वेट फॉर टू वीक्स. वी डिस्कस्ड अबाउट द डिले. देन वी स्टॉप्ड टू डिस्कस इट. आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.' चौथे वाक्य सोडून बाकी सगळ्यांवर रेघ आहे. अर्थ उघड आहे, तो सांगत बसत नाही.

अनुवादिका
आता बोलता येईल. 'आर यूज्ड टू' म्हणजे अंगवळणी पडले आहे, तेव्हा 'वर्किंग लेट' हवे. 'आर' नसता तर 'वी यूज्ड टू वर्क लेट' म्हणजे 'पूर्वी उशिरापर्यंत काम करत असू' असा वेगळाच अर्थ झाला असता आणि तिथे मूळ रूपच बरोबर ठरले असते. 'मेक' आणि 'लेट' यांना कर्मानंतर 'टू' सोसत नाही, म्हणून 'मेड अस वेट'. गंमत अशी की हेच वाक्य कर्मणी केले की गेलेला 'टू' परत येतो: 'वी वेअर मेड टू वेट'. 'डिस्कस' थेट कर्म घेते. मराठीत आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून ते 'अबाउट' आपल्याकडून नकळत डोकावते. शेवटी 'मीटिंग यू'. इथे मराठीचा कौल घेतला तरी चालतो: आपण 'भेटण्याची वाट पाहतो', म्हणजे आपल्याकडेही तिथे नामच येते.

एकच_युक्ती
माझी युक्ती पहिल्या आणि शेवटच्या वाक्याला तंतोतंत लागू पडली, याची नोंद घ्यावी.

काटेकोर
आणि मधल्या दोन वाक्यांना लागूच पडत नाही, याचीही घ्यावी. मराठीच्या कौलावरही फार विसंबू नये. 'भेटायचे टाळले' आणि 'भेटायचे ठरवले' यांत आपल्याकडे रूप एकच आहे, पण इंग्रजीत 'अव्हॉइड'ला 'मीटिंग' लागते आणि 'डिसाइड'ला 'टू मीट'.

शब्दवेल्हाळ
मराठीचा खरा उपयोग जोडक्रियापदांत आहे. 'खाल्ले' आणि 'खाऊन टाकले' यांत जो फरक आहे, जवळजवळ तोच 'ईट' आणि 'ईट अप' मध्ये आहे. 'यूज अप', 'ड्राय अप' यांतही 'अप' काम पुरे झाल्याचे सांगतो. आपण जे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो, ते इंग्रजी एका इवल्याशा शब्दाकडून करून घेते. हे एकदा कळले की पाठांतराची गरज उरत नाही.

काटेकोर
'गिव्ह अप' मध्ये कोणते काम पुरे होते? तिथे तर सोडून दिले जाते. शिवाय तो इवला शब्द कुठे बसतो हेही शिकावे लागते: 'टर्न ऑफ द लाइट' चालते, पण दिव्याऐवजी 'इट' आले की 'टर्न इट ऑफ' असेच म्हणावे लागते, आणि 'लुक आफ्टर इट' मध्ये मात्र 'इट' मधे घुसूच शकत नाही. 'गो ऑन'पुढे तर दोन्ही रूपे येतात आणि अर्थ बदलतो: 'वेंट ऑन टॉकिंग' म्हणजे बोलतच राहिला, 'वेंट ऑन टू टॉक अबाउट' म्हणजे आधीचे संपवून पुढच्या विषयाकडे वळला.

कोशप्रेमी
इतका वाद घालण्यापेक्षा विद्यार्थी कोश उघडावा. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना नेमकी हीच अडचण ओळखली होती आणि १९४२ मध्ये तिथे निघालेल्या त्यांच्या कोशात प्रत्येक क्रियापदापुढे कोणती रचना येते हे नोंदवले होते. आजचे विद्यार्थी कोशही तीच वाट चालतात. नियम क्रियापदाचा असतो, म्हणून तो त्या क्रियापदाच्या नोंदीतच शोधावा.

अडलेला_पुन्हा
पुस्तके नकोत असे पहिल्याच ओळीत लिहिले होते. अनुवादिकाताई, आपले मनापासून आभार, चारही वाक्ये दुरुस्त केली. पाठवू का?

काटेकोर
थांबा. ज्यावर रेघ नाही त्या वाक्याचा अर्थ आपल्याला काय अपेक्षित आहे?

अडलेला_पुन्हा
तिथे चूक नाही म्हणूनच रेघ नाही. अर्थ सरळ आहे: दिरंगाईवर चर्चा करून काही निष्पन्न होईना, म्हणून आम्ही ती बंद केली.

काटेकोर
मग आपण नेमके उलटे लिहिले आहे. 'स्टॉप्ड टू डिस्कस इट' म्हणजे हातातले काम थांबवून आपण चर्चेला बसलात. चर्चा थांबवली असेल तर 'स्टॉप्ड डिस्कसिंग इट' हवे. दोन्ही रचना व्याकरणात बसतात म्हणून सॉफ्टवेअर गप्प राहिले. आपल्या मनात काय आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता आणि आपण आम्हालाही सांगत नव्हता.

अनुवादिका
'रिमेंबर'चेही असेच आहे. 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे कुलूप लावायला विसरू नका, 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे लावल्याचे आठवते. निवेदनात असे आणखी एखादे क्रियापद असेल तर तेही पाहून घ्यावे.

अडलेला_पुन्हा
दुसऱ्या परिच्छेदात 'वी सजेस्टेड टू मीट' आहे. त्यावर रेघ नाही, आणि अर्थ एकच निघतो. ते तरी बरोबर ना?

काटेकोर
नाही. 'सजेस्टेड मीटिंग'. दुसरा परिच्छेदही इथे संपूर्ण द्यावा.