सगळ्या पीसींची घड्याळं एकमेकांशी जुळतात, पण सगळीच ७ मिनिटं मागे

नेटवर्क_नवखा
मंडळी मदत हवीय. ऑफिसात चाळीसेक विंडोज पीसी, सगळे एका डोमेनमध्ये (एकाच मध्यवर्ती लॉगिनखाली), ते सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर (डीसी) एकच आणि तोही मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर व्हीएम म्हणजे आभासी मशीन म्हणून चालतो. शिवाय एक लिनक्स फाइल सर्व्हर (डोमेनला जोडलेला), हजेरीचं मशीन आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा एनव्हीआर. तर झालंय असं की सगळे पीसी एकमेकांशी अगदी सेकंदासकट जुळतात पण मोबाइलशी ताडून बघितलं तर सगळेच ७ मिनिटं मागे. हाताने वेळ बदलली तर थोड्या वेळाने परत तिथंच. इतके दिवस कोणी लक्ष दिलं नाही पण आता लिनक्सवरचा शेअर (सगळ्यांचा सामायिक फोल्डर) पासवर्ड बरोबर असूनही उघडत नाहीये, आणि हजेरीवरून रोज भांडण, मशीन म्हणतं उशीर झाला, माणूस म्हणतो माझ्या पीसीत वेळ व्हायची होती. प्रत्येक पीसीला इंटरनेटवरचा टाइम सर्व्हर टाकून मोकळा होऊ का?

स्क्रूड्रायव्हर
सीमॉस बॅटरी (पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवते ती) गेली असेल. बदलून बघा, दोन मिनिटांचं काम.

पोर्ट१२३
चाळीस मशीनच्या बॅटऱ्या एकदम आणि त्याही बरोबर ७ मिनिटांनीच कशा जातील हो? सगळे एकसारखे चुकतायत म्हणजे सिंक नीट चालूय, वरून येणारी वेळच चुकीची आहे.

डोमेनमधले पीसी वेळ डोमेन कंट्रोलरकडून घेतात, म्हणून तुम्ही हाताने बदललेली वेळ परत मागे जाते. डीसींमध्ये ज्याच्याकडे पीडीसी एम्युलेटरचा रोल असतो तो वेळेच्या बाबतीत सगळ्यात वर, तुमच्याकडे डीसीच एक आहे म्हणजे तोच. आता त्याला वेळ कोण देतं ते बघा, डीसीवर डब्ल्यू३२टीएम क्वेरी सोर्स ही कमांड चालवा. माझा अंदाज, तिथं "व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर" दिसेल, म्हणजे डीसी होस्टकडून (ज्या खऱ्या मशीनवर व्हीएम चालते त्याच्याकडून) वेळ घेतोय. आणि होस्ट त्याच डोमेनमध्ये असेल तर तो घेतो डीसीकडून! दोघं एकमेकांना विचारून खूश, बाहेर कोणी विचारतच नाही. घड्याळातला साधा क्रिस्टल २० पीपीएमने (दहा लाखांत वीस) जरी चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद जातात, आठेक महिन्यांत ७ मिनिटं झाली.

शेअरचं कोडं पण यातच आहे. कर्बेरॉसला (डोमेनमध्ये ओळख तपासायची पद्धत) घड्याळातला फरक बाय डिफॉल्ट ५ मिनिटांपर्यंतच चालतो. तुमचा लिनक्स बहुतेक क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने थेट इंटरनेटवरून बरोबर वेळ घेतोय, म्हणून बिचारा खरं बोलणाराच वेगळा पडलाय.

बॅचफाइल_भाऊ
एवढं कशाला, रोज सकाळी प्रत्येक पीसीवर वेळ सेट करणारी स्क्रिप्ट शेड्यूल करा. आमच्याकडे वर्षानुवर्षं चालूय.

पोर्ट१२३
@बॅचफाइल_भाऊ चालते, पण उडी मारून चालते. घड्याळ पुढं असलं की स्क्रिप्ट ते मागे ओढणार, मग लॉगमध्ये नंतरची एंट्री आधीची दिसते आणि डेटाबेसवाले डोक्याला हात लावतात. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) छोटा फरक घड्याळाचा वेग किंचित कमीजास्त करून भरून काढतं, कोणाला कळतही नाही.

नेटवर्क_नवखा
@पोर्ट१२३ शब्दन् शब्द तेच आलं, व्हीएम आयसी! आणि होस्टचा सोर्स विचारला तर आमच्याच डीसीचं नाव. आता हायपर-व्हीतल्या टाइम सिंक्रोनायझेशनची टिक काढू?

रॅक_नंबर_दोन
टिक राहू दे. व्हीएम सेव्ह्ड स्टेटमधून उठते तेव्हा तिला होस्टची वेळ लागते, नाहीतर झोपली होती तिथूनच पुढं मोजत बसेल. त्यापेक्षा डीसीच्या आत रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज असतात तिथं) व्हीएमआयसी टाइम प्रोव्हायडर बंद कर, टाइम सर्व्हिस रीस्टार्ट कर आणि मॅन्युअल पीअर लिस्टमध्ये बाहेरचे सर्व्हर दे. दोन देऊ नकोस, दोघांत फरक पडला तर खोटं कोण ते ठरत नाही. चार दे. फायरवॉलमध्ये डीसीला यूडीपी १२३ (एनटीपीचा पोर्ट) बाहेर जाऊ दे, नाहीतर सगळं करून सोर्सला परत "लोकल सीमॉस क्लॉक", म्हणजे स्वतःचंच घड्याळ, दिसेल आणि तू आम्हाला शिव्या घालशील.

पीसींना मात्र हात लावू नको. सगळ्यांना इंटरनेटवर सोडलंस तर लाइन गेली की चाळीस घड्याळं चाळीस दिशांना. डीसी एकटा बाहेर विचारेल, बाकीचे त्याला विचारतील.

आणि हे ऑफिस सुटल्यावर कर, भर दुपारी डीसी ७ मिनिटं पुढं गेला तर मधल्या काळात लॉगिनचा गोंधळ उडू शकतो. सकाळी पीसी रीस्टार्ट करून घे.

नेटवर्क_नवखा
काल रात्री केलं. डीसीचा सोर्स आता बाहेरचा दिसतोय, पीसी पण आले लाइनीवर, शेअर उघडला. हजेरीच्या मशीनला आणि एनव्हीआरला डीसीचा आयपी दिला, हजेरी ओके, पण एनव्हीआर सिंक केलं की काही तास भलतीकडेच जातो?

पोर्ट१२३
टाइमझोन बघा त्याचा. एनटीपीवरून फक्त यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळ येते, स्थानिक वेळ ज्याची त्याने काढायची असते. फॅक्टरी सेटिंगमधला झोन तसाच राहिला असणार, आणि आधी कोणीतरी हाताने वेळ लावली होती म्हणून ते कधी दिसलं नाही. झोन बदलण्याआधी जुनं फुटेज काढून ठेवा, काही मॉडेलमध्ये वेळ मागे गेली की त्याच वेळेचं आधीचं रेकॉर्डिंग शोधताना त्रास होतो.