मदत हवी आहे: पीसीएल-हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट स्कॅफोल्डसाठी क्लोरोफॉर्म ठेवू की डायऑक्सेनकडे वळू?

नमस्कार. हाडाच्या ऊतींसाठी सच्छिद्र स्कॅफोल्ड (पेशी वाढायला आधार देणारा सांगाडा) बनवते आहे. पॉलिमर पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन), त्यात वजनाने ३०% नॅनो हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची पूड (हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेटचं सिरॅमिक). सध्याची पद्धत सोपी आहे: क्लोरोफॉर्ममध्ये पीसीएल विरघळवायचं, पूड आणि चाळलेलं मीठ मिसळायचं, साच्यात ओतून सुकवायचं, मग पाण्याने मीठ धुऊन काढायचं, म्हणजे त्याच्या जागी छिद्रं उरतात.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची शिखरं स्वच्छ दिसतात. पण एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) छिद्रांच्या भिंती गुळगुळीत आहेत, पूड पॉलिमरखाली गाडली गेली आहे आणि तळाशी गुठळ्या आहेत. पाण्याचा संपर्ककोनही (पृष्ठभागावर पाणी किती पसरतं याचं माप) नुसत्या पीसीएलइतकाच येतो. पेशींना सिरॅमिकचा स्पर्शच होणार नसेल तर ते घालून उपयोग काय, हा प्रश्न मला सोडत नाही.

माझा अंदाज असा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, भराभर उडतो, त्यामुळे वर साय धरावी तसा पॉलिमरचा पापुद्रा येतो आणि खालच्या ओल्या भागात पूड बसत जाते. डायऑक्सेन सुमारे १२ अंशांना गोठतो. मिश्रण गोठवून फ्रीज ड्रायरमध्ये (गोठलेला द्रावक निर्वातात थेट वाफ करून काढणाऱ्या यंत्रात) सुकवलं तर पूड जागच्या जागी अडकेल ना? भीती छिद्रांची आहे: हाडासाठी ३०० मायक्रॉनच्या आसपास हवीत आणि या पद्धतीत ती बरीच लहान येतात असं वाचलंय.

कुणी ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल सुचवलं. विषारीपणाच्या दृष्टीने ते बरं, पण आम्लात हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच विरघळायला लागेल, म्हणून तो पर्याय मी सोडला.

उरलेल्या द्रावकाचीही काळजी आहे. औषधांसाठीच्या आयसीएच (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) मर्यादेत क्लोरोफॉर्म ६० पीपीएम, डायऑक्सेन ३८० पीपीएम. आमच्याकडे उरलेला द्रावक मोजणारं हेडस्पेस जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) नाही. पेशी मेल्या तर दोष द्रावकाचा की पुडीचा, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद: तळाशी बसण्याबद्दल तुमचा अंदाज पटतो. पण नुसता द्रावक बदलून गुठळ्या जाणार नाहीत. डायऑक्सेनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रावकाच्या ध्रुवीयतेचं ढोबळ माप) २.२, क्लोरोफॉर्मचा ४.८. म्हणजे ध्रुवीय पुडीला तिथेही फारसा आधार नाही. आधी पूड एकटी द्रावकात सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडा), पीसीएल नंतर घाला आणि लगेच गोठवा. मीठ डायऑक्सेनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे तेच चाळलेलं मीठ इथेही वापरा. मोठी छिद्रं मिठाची, बारीक छिद्रं डायऑक्सेनच्या स्फटिकांची. सावकाश गोठवलंत तर स्फटिक मोठे होतील, पण पुडीलाही बसायला वेळ मिळेल. मी मधली गती निवडेन.

पूड उघडी पाडायला मीठ धुतल्यावर सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात थोडा वेळ ठेवा. अल्कलीत पीसीएलचा वरचा थर झिजतो, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट टिकतं. हे आत्ताच्या क्लोरोफॉर्मच्या नमुन्यांवरही करून बघता येईल. नंतर पीएच उतरेपर्यंत धुवा.

पेशींसाठी त्याच द्रावकातून नुसत्या पीसीएलचा स्कॅफोल्ड करा आणि आयएसओ १०९९३-५ (पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचणीचं मानक) प्रमाणे दोन्हींचे अर्क तपासा. नुसत्या पीसीएलच्या अर्कातही पेशी मेल्या तर संशय आधी द्रावकावर. पीसीएल ६० अंशांना वितळतं, त्यामुळे निर्वातात सुकवताना ४० च्या वर जाऊ नका. एक दिलासा: त्याचं काचसंक्रमण (ज्या तापमानाखाली पॉलिमर काचेसारखा कडक होतो) उणे ६० ला असल्याने द्रावक पीएलएपेक्षा (पॉलिलॅक्टिक आम्ल या पॉलिमरपेक्षा) सहज बाहेर पडतो.

मूळ प्रश्नकर्ती: मनापासून आभार. अल्कलीचा प्रयोग आहे त्या नमुन्यांवर लगेच लावते. आता अडचण फ्रीज ड्रायरची. विभागातला ड्रायर पाण्यासाठीचा आहे. डायऑक्सेनची वाफ पंपाच्या तेलात आणि रबरी सीलमध्ये जाईल म्हणून तंत्रज्ञ परवानगी देत नाहीत. मध्ये द्रव नायट्रोजनचा कोल्ड ट्रॅप (वाफ गोठवून अडवणारं भांडं) लावून कुणी हे केलं आहे का?