घरच्या सुतारकामाच्या खोलीसाठी काय घेऊ: ब्लोअर की व्हॅक्यूम?

मनीषनगर_रंधा

नमस्कार मंडळी. घराला लागून १० बाय १४ ची खोली आहे. पूर्वी तिथे गाडी राहायची, आता लाकूड राहतं. १० इंची टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारा), राउटर (खाचा नि कडा कोरणारा) आणि गोल सँडर (पॉलिश पेपरने घासणारा) एवढी मशीनं. नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे पडतात तिथल्या सागवानी चौकटी नि दरवाजे कबाडीकडून घेतो आणि शनिवार-रविवारी त्यांचे पाट, स्टूल, रॅक करतो. थिकनेसर चालवला की छिलक्यांचा ढीग होतो, तो झाडता येतो. पण सँडिंग केलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाक चोंदलेलं, आणि जेवणाच्या टेबलावर बोटाने नाव लिहा. बजेट ३० हजार. दुकानदार २ एचपीचा दोन पिशव्यांचा ब्लोअर (भुसा ओढून पिशवीत भरणारा पंखा) दाखवतो, त्यावर १२०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा, लिहिलंय. मित्र म्हणतो मोठा व्हॅक्यूम घे. उन्हाळ्यात खोलीत कूलर चालतो, तेही लक्षात घ्या.

प्रतापनगर_फर्निचर

व्हॅक्यूम घ्या. मध्ये सायक्लोनचा प्लास्टिक कोन (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारा) लावा आणि खाली तेलाचा रिकामा पिपा. स्वस्तात काम होतं.

हिंगणा_डक्टवाला

एचपीचं नंतर पाहू. भाऊ, नाक कशाने चोंदते? सँडरने. आणि मशीन कोणतं पाहून ऱ्हायले? थिकनेसरचं. दोघांची धूळ वेगळी, म्हणून ओढणारं मशीनही वेगळं लागते.

एमआयडीसीत पत्र्याच्या डक्टच्या कामात माझी उमर गेली, म्हणून थोडी मास्तरकी करतो, राग मानू नका. मोठ्या व्हॅक्यूमचा जोर १८-२० किलोपास्कल असते. उभ्या नळीत तो दोन मीटर पाणी चढवून दाखवेल. २ एचपीचा ब्लोअर जेमतेम वीतभर चढवते. पण हवा किती हलते ते पाहा: व्हॅक्यूम १००-१२५ सीएफएम, ब्लोअर पाचशेच्या आसपास. डब्यावरचा १२०० चा आकडा पिशवी न लावता, पाइप न जोडता मोजलेला असते. घरी येऊन निम्मा उरला तरी नशीब समजा. सँडरचं तोंड सव्वा इंची. तिथे ब्लोअर लावाल तर त्याला हवाच भेटत नाही. आणि थिकनेसरला व्हॅक्यूम लावाल तर दोन फळ्यांत नळी जाम.

आता खरी गोष्ट. जो भुसा पायाखाली दिसते तो फुप्फुसात जात नाही. १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालची धूळ डोळ्याला दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगते आणि तीच छातीत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ सालीच पहिल्या गटात टाकलं आहे, नाकाच्या आणि सायनसच्या कॅन्सरसाठी. आणि ब्लोअरसोबत जी कापडी पिशवी येते ती बहुतेक वेळा ३० मायक्रॉनची. जाड भुसा ठेवून घेते, बारीक तेवढी गाळून तुमच्या तोंडासमोर सोडते. पैसे देऊन धूळ उडवायचं मशीन झालं ना बाप्पा हे! रात्री दिवे बंद करून पिशवीजवळ टॉर्च मारून पाहा, प्रकाशाच्या पट्ट्यात सगळं दिसते.

म्हणून आता व्हॅक्यूमच घ्या, पण आत पिशवी आणि वर हेपा फिल्टरवाला, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा. सँडर, राउटर त्यावर. थिकनेसरला चाकं लावा आणि अंगणात काढून चालवा. ब्लोअर दिवाळीनंतर घ्या, पण १ मायक्रॉनची पिशवी किंवा कार्ट्रिज (घड्यांचा डबाबंद फिल्टर) त्यासोबत भेटत असेल तरच.

पिप्याचं मात्र मी नाही म्हणेन. नळी कुठे चोंदली की व्हॅक्यूमचा पूर्ण जोर डब्यावर येते. १५ किलोच्या पिप्याच्या एका बाजूवर दीडशे किलोच्या वर वजन झालं ते. पत्रा आत बसते, आवाज असा की शेजारचे धावत येतील. निळा जाड प्लास्टिकचा ड्रम घ्या, झाकणाला लोखंडी पट्टा असलेला.

मनीषनगर_रंधा

काका, डोळे उघडले. ब्लोअर आल्यावर पाइप कोणता टाकू? आणि पिशवीच नको, धूळ सरळ बाहेर सोडली तर?

हिंगणा_डक्टवाला

पाइप ११० मिमीचा एसडब्ल्यूआर, टाइप ए, पावसाच्या पाण्याचा हलका येते तो. ब्लोअरचं १०० मिमीचं तोंड टेप गुंडाळून त्यात बसते. भुसा पाइपात बसू नये म्हणून हवा सेकंदाला २० मीटरने पळाली पाहिजे. ११० च्या पाइपात त्याला ३६० सीएफएमच्या आसपास पुरते. कोणी १६० चा टाका म्हणेल. त्याला आठशेजवळ लागेल, तुमच्या ब्लोअरच्या बसची बात नाही. काटकोनी एल्बो नको, ४५ चे दोन बेंड. लवचिक नळी शेवटी हातभरच, तिच्या आतल्या वळ्या हवा खातात. खरं सांगू, १० बाय १४ मध्ये पाइप टाकूच नका. ब्लोअरलाच चाकं असतात, ज्या मशीनवर काम त्याच्याजवळ ढकला.

बाहेर सोडणं आपल्या नागपुरात चांगलं जमते. थंड देशात लोक घाबरतात, गरम केलेली हवा बाहेर जाते म्हणून. इथे मे महिन्यात कूलर बाहेरची हवा आत ढकलून ऱ्हायला असते आणि तिला बाहेर निघायला वाट हवीच असते. फक्त तोंड कूलरच्या विरुद्ध भिंतीला काढा, नाहीतर तीच धूळ कूलरच्या गवतात आणि पाण्यात. आणि आधी शेजारच्या काकूंना विचारा. त्याच महिन्यात गच्चीवर कुरडया नि पापड वाळत असतात, त्यावर सागवानाचा मसाला कोणाला चालत नाही.

धरमपेठ_लाकूडकाम

काका, सगळं मान्य, पण एक मोठी गोष्ट राहिली. दादा, वाड्यातल्या दरवाज्यांवर जुना ऑइलपेंट असतो ना? त्यात शिसं असण्याची शक्यता खूप. आपल्याकडे घरगुती रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. तो रंग सँडरने घासू नका, थिकनेसरमध्येही घालू नका. घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नाही. मी रंग काढायचं केमिकल लावते, ओला असतानाच पट्टीने खरवडते, खाली प्लास्टिक अंथरते आणि खरवड त्यातच गुंडाळून बांधते. हीट गनने जाळून काढायचा मोह होतो, पण धूर वाईट. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही, फिल्टर बदलता येणारा रबरी मास्क घ्या. आणि त्या लाकडातले खिळे चुंबकाने शोधून काढा.

हिंगणा_डक्टवाला

ताई बरोबर बोलल्या. खिळ्याचं अजून एक: ब्लोअरमध्ये छिलके आधी पंख्यातून जातात आणि मग पिशवीत. खिळा पंख्यावर आपटला तर ठिणगी थेट कोरड्या भुशात. पंखा पोलादी की प्लास्टिकचा, दुकानात विचारून घ्या. ज्या टेबलावर ग्राइंडर चालवता तिथला कचरा त्यात कधीच ओढू नका.

मनीषनगर_रंधा

दोन दरवाज्यांवर हिरवा रंग आहे, मुलगी ४ वर्षांची. ते दोन्ही आजच ताडपत्रीत बांधून बाजूला ठेवले, सँडर बंद. व्हॅक्यूम पाहायला या रविवारी जातो. पट्ट्याच्या झाकणाचा ड्रम इतवारीत मिळेल का?

हिंगणा_डक्टवाला

लोहा ओळीत विचारत जा, जुना भेटेल. आधी काय भरलं होतं ते विचारा. ॲसिडचा असेल तर घेऊ नका. ५० लिटरचा बस झाला, दोनशेचा भरला की उचलायला चार पोट्टे लागतील.