विद्यार्थ्यांना पेन ड्राइव्हवर मोफत सॉफ्टवेअर द्यायचं आहे, लायसन्सचं काय?

लॅब_असिस्टंट_नागपूर

ज्युनिअर कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आहे, 80 विद्यार्थी. बरेच जण काटोल, कळमेश्वर, उमरेडकडून येतात. घरी जुना लॅपटॉप असतो, पण नेट मोबाइलच्या डेटावरच. म्हणून एक फोल्डर तयार करून सगळ्यांच्या पेन ड्राइव्हवर टाकून द्यावं म्हणतो: लिबरऑफिस, व्हीएलसी प्लेअर, चित्रांसाठी गिम्प, गणितासाठी जिओजेब्रा, कोड लिहायला व्हीएस कोड, सी प्लस प्लसच्या प्रॅक्टिकलला टर्बो सी प्लस प्लस आणि मुक्ता फॉन्ट. सगळं फुकट डाउनलोड होतं, मग वाटायला हरकत आहे का? सीताबर्डीतला एक दुकानवाला कॉपी करून द्यायचे प्रत्येकी 50 रुपये मागून राहिला, ते चालेल का? आणि इन्स्टॉलरमध्ये कॉलेजचा लोगो टाकता येतो का?

परवाना_वाचक

सर, फुकट डाउनलोड करता येणं आणि पुढे वाटायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या यादीत दोन्ही प्रकार मिसळले आहेत.

टर्बो सी प्लस प्लस आधी काढा. ते बोर्लंडचं मालकी हक्काचं सॉफ्टवेअर. इतकी वर्षं लॅबोलॅबी फिरतंय म्हणून ते मुक्त होत नाही. व्हीएस कोडमध्ये फसायला होतं, कारण त्याचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरणाऱ्या तयार इन्स्टॉलरचं लायसन्स वेगळं आहे आणि त्यात तो इतरांना वाटायला मनाई आहे. त्याच सोर्सपासून बनवलेलं व्हीएसकोडियम एमआयटीखालीच मिळतं, ते बिनधास्त द्या. फक्त मायक्रोसॉफ्टचं सी प्लस प्लस एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायचा पूरक भाग) त्यात वापरायची परवानगी नाही, त्याऐवजी क्लँगडी हे खुलं एक्स्टेन्शन टाका.

पन्नास रुपयांचं उत्तर प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळं येतं. व्हीएलसी आणि गिम्प जीपीएल या मुक्त लायसन्समध्ये आहेत, लिबरऑफिस एमपीएल 2.0 या दुसऱ्या मुक्त लायसन्समध्ये. तिन्हीच्या प्रतीचे पैसे घेता येतात, पण जीपीएलमधली प्रत घेणाऱ्याला ती पुढे वाटू नको असं सांगता येत नाही. जिओजेब्राचा इन्स्टॉलर मात्र अव्यावसायिक वापरासाठीच वाटता येतो. दुकानवाला त्यावर पैसे घेणार असेल तर जिओजेब्रा त्याच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, लॅबमध्ये तुम्हीच फुकट कॉपी करून द्या. मुक्ता फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे: इतर सॉफ्टवेअरसोबत दिला तर हरकत नाही, एकटा फॉन्ट विकता येत नाही. झिपमधली लायसन्सची टेक्स्ट फाइल मात्र फॉन्टसोबतच राहू द्या. नुसती टीटीएफ फाइल वेगळी काढून देणं ही अगदी नेहमीची चूक.

लोगोच्या भानगडीत पडू नका. इन्स्टॉलर उघडून पुन्हा पॅक केला की ती बदललेली आवृत्ती होते. मग कॉपीराइटसोबत ट्रेडमार्कचे नियमही लागतात, शिवाय मूळची डिजिटल सही तुटते आणि विंडोज इशारे देत बसतं. लोगो फोल्डरमधल्या माहितीपत्रकावर टाका.

सोर्सकोड_सोबत

वरचं सगळं बरोबर, पण जीपीएलची मुख्य अट राहिली. बहुतेक जण नेमके इथेच चुकतात.

जीपीएलमधल्या प्रोग्रामची प्रत तुम्ही देता तेव्हा वाटणारे तुम्ही असता, त्यामुळे सोर्स पुरवायची जबाबदारीही तुमच्यावर येते. पेन ड्राइव्हसाठी दोन रस्ते आहेत. एक, त्याच आवृत्तीचा सोर्स त्याच पेन ड्राइव्हवर द्या. दोन, किमान तीन वर्षं सोर्स पुरवू अशी लेखी हमी सोबत जोडा. दुसऱ्याकडून मिळालेली हमी पुढे सरकवायची सवलतही आहे, पण ती अव्यावसायिक वाटपालाच आणि मुळात तुम्हाला तशी हमी मिळाली असेल तरच. साइटवरून डाउनलोड केलेल्या फाइलसोबत अशी हमी बहुधा नसते.

मी पहिला रस्ता सुचवीन. गिम्पचा इन्स्टॉलर ज्या क्रमांकाचा, सोर्सही त्याच क्रमांकाचा घ्या. आज इन्स्टॉलर, सहा महिन्यांनी सोर्स असं केलं की आवृत्त्या जुळत नाहीत. इन्स्टॉलरमध्ये बांधून आलेल्या लायब्ररींचा (प्रोग्राम वापरतो त्या तयार कोडच्या भागांचा) सोर्सही लागतो, तो विसरू नका. लिबरऑफिसच्या एमपीएलला इतकं लागत नाही: सोर्स कुठे आणि कसा मिळेल हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहा, पुरे.

लॅब_असिस्टंट_नागपूर

पेन ड्राइव्हऐवजी लॅबच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) ठेवलं आणि मुलांनी तिथून उतरवून घेतलं तर?

सोर्सकोड_सोबत

मग बरंच सोपं जातं. जीपीएल 3 मध्ये नेटवर्कवरून देताना सोर्स दुसऱ्याच्या सर्व्हरवर असला तरी चालतो, फक्त तो कुठे आहे ते इन्स्टॉलरच्या शेजारीच स्पष्ट लिहायचं आणि तो तिथे उपलब्ध राहतोय ना हे बघत राहायचं. गिम्प जीपीएल 3 मध्येच आहे. व्हीएलसीवर ‘आवृत्ती 2 किंवा नंतरची’ असं लिहिलेलं आहे, म्हणून त्यालाही जीपीएल 3 ची ही सवलत घेता येते. नुसतं ‘आवृत्ती 2’ लिहिलेल्या सॉफ्टवेअरला ती नाही. तिथे इन्स्टॉलर जिथे, सोर्स तिथेच ठेवा.

सी_प्रॅक्टिकल

टर्बोच्या जागी कोडब्लॉक्स हा प्रोग्राम लिहायचा एडिटर द्या, मिनजीडब्ल्यू हा कंपायलर जोडलेला इन्स्टॉलर निवडून. नुसता घेतला तर कंपायलरच येत नाही आणि मुलं बिल्ड दाबत बसतात. तोही जीपीएल 3 आहे, म्हणजे सोर्सची अट लागू. जर्नलमधले जुने प्रोग्राम तीन ठिकाणी अडतील: आयओस्ट्रीमपुढचं डॉट एच काढून खाली यूझिंग नेमस्पेस एसटीडी लिहावं लागेल, व्हॉइड मेनचं इंट मेन करावं लागेल, आणि स्क्रीन पुसायचं सीएलआरएससीआर ओळखलंच जाणार नाही, ती ओळ खोडा. गेटसीएच चालतं. ग्राफिक्स डॉट एचचे प्रोग्राम चालणार नाहीत, त्याबद्दल सरांशी आधीच बोलून घ्या.

पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट 32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, पुढेमागे लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉलची एकच मोठी फाइल) टाकायची झाली तर अडेल. अधिकृत साइटवर ज्या इन्स्टॉलरची एसएचए 256 बेरीज (फाइल बदलली की बदलणारा ओळख-आकडा) दिलेली असेल, ती घेऊन माहितीपत्रकात छापा. तपासायला विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड आणि पुढे फाइलचं नाव. दुकानातून कॉपी होऊन आलेले चार-पाच ड्राइव्ह तरी असे तपासा. बेरीज जुळली नाही तर तो ड्राइव्ह वाटू नका, फॉरमॅट करून लॅबमधल्या मूळ प्रतीवरून पुन्हा भरा.